हमर विकायला काढणं ही जनरल मोटर्सची चूक होती का?

कातळकडा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

जनरल मोटर्सच्या (जीएम) जीएमसी या ब्रँडखाली विजेवर चालणारी हमर आली त्यालाही आता काही वर्षं झाली. तिच्याबद्दल वाचताना दरवेळी एकच गोष्ट डोक्यात येते. हेच नाव जनरल मोटर्सने एकेकाळी विकायला काढलं होतं, चीनमधल्या कंपनीशी सौदाही ठरला होता, आणि तो फिसकटल्यावर अख्खा ब्रँड बंद करून टाकला.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी: २००८ च्या जूनमध्ये अमेरिकेत पेट्रोल गॅलनला ४ डॉलरच्या वर गेलं. ३ जूनला जीएमचे तेव्हाचे प्रमुख रिक वॅगनर यांनी चार कारखाने बंद करण्याचा निर्णय सांगितला आणि हमर विकण्याचाही विचार चालू असल्याचं जाहीर केलं. वर्षभराने, १ जून २००९ ला, जीएम दिवाळखोरीत गेली. दुसऱ्याच दिवशी हमरला गिऱ्हाईक मिळाल्याची बातमी आली. ते गिऱ्हाईक म्हणजे सिचुआन प्रांतातली तेंगझोंग ही कंपनी. ऑक्टोबरात करार झाला. २४ फेब्रुवारी २०१० ला जीएमने सांगितलं की व्यवहार होत नाही. त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेतल्या श्रीव्हपोर्टच्या कारखान्यातून हमरच्या एच३ या मॉडेलची शेवटची गाडी बाहेर पडली.

माझं मत सरळ आहे. विकायला काढायलाच नको होती. क्रायस्लरही त्याच वर्षी दिवाळखोरीत गेली होती, पण त्यांनी जीप हातची सोडली नाही, आणि पुढे जीपनेच ती कंपनी तगवली. जीएमने एका उन्हाळ्यातल्या पेट्रोलच्या भावाला घाबरून जगभर ओळखलं जाणारं नाव फुंकून टाकलं. तुम्हाला काय वाटतं?

गडवेडा

धाग्याची खूण साठवली. पूर्ण सहमत. नुसतं तोंड बघून लांबून ओळखू येणाऱ्या गाड्या जगात किती आहेत? हमर त्यातली एक होती.

हिशेबनीस

असहमत. आधी आकडे बघू.

अमेरिकेत हमरची सगळ्यात जास्त विक्री २००६ साली झाली, ७१,५२४ गाड्या. २००८ ला २७,४८५ आणि २००९ ला ९,०४६. तीन वर्षांत आठवा हिस्सा राहिला. याला एका उन्हाळ्याचा फटका म्हणता येणार नाही.

त्या ७१ हजारांतली किती मागणी खरी होती, हाही प्रश्नच आहे. अमेरिकेच्या करकायद्यात कलम १७९ नावाची तरतूद आहे. धंद्यासाठी घेतलेल्या यंत्रसामग्रीचा खर्च वर्षानुवर्षं घसारा न काढता पहिल्याच वर्षी वजा करता येतो. मोटारींवर त्याला मर्यादा होती, पण ६,००० पौंडांहून जड गाड्या त्या मर्यादेतून सुटत. कारण तरतूद करताना डोळ्यांसमोर शेतकऱ्याचा आणि कंत्राटदाराचा ट्रक होता. २००३ मध्ये वजावटीची कमाल रक्कम १ लाख डॉलर केली गेली. हमरच्या एच२ या मोठ्या मॉडेलची किंमत ५० हजार डॉलरच्या आसपास. म्हणजे डॉक्टर, वकील, घरांचे दलाल यांनी धंद्याच्या नावावर एच२ घेतली की पूर्ण किंमत त्याच वर्षी उत्पन्नातून वजा! २००४ च्या ऑक्टोबरात अशा गाड्यांसाठी ही रक्कम २५ हजारांवर आणली गेली.

कायद्याच्या फटीतून आलेलं गिऱ्हाईक फट बुजली की जातं. हिशेब मांडणाऱ्या माणसाला हे आधी दिसायला हवं होतं.

पाना_पक्कड

हिशेबनीस, ही माहिती नव्हती. धन्यवाद.

अजून एक फट सांगतो. अमेरिकेत गाडीच्या काचेवर मायलेजचा सरकारी आकडा चिकटवावा लागतो. पण ठरावीक वजनाच्या, म्हणजे ८,५०० पौंडांच्या वरच्या गाड्या तेव्हा त्या नियमात येत नव्हत्या. एच२ त्या रेषेच्या पलीकडे होती. त्यामुळे ती किती पिते हे शोरूममध्ये लिहिलेलंच नसे. चालवणारे गॅलनला दहा मैलांच्या आसपास सांगायचे, म्हणजे आपल्या भाषेत लिटरला सव्वाचार किलोमीटर.

कोल्हापुरी_रस्सा

सव्वाचार?? आमच्याकडं ऊस भरलेला ट्रॅक्टर बरा की.

अबोली

मी गाड्यांतली जाणकार नाही, पण एक शंका आहे. हमर ही मूळची सैन्याची गाडी ना? मग ती जीएमकडे कशी आली?

पाना_पक्कड

अबोलीताई, प्रश्न महत्त्वाचा आहे. सविस्तर लिहितो.

सैन्याची ती हमव्ही. एएम जनरल नावाच्या कंपनीला १९८३ मध्ये तिचं कंत्राट मिळालं. गाव साउथ बेंड-मिशावाका, इंडियाना राज्य. या कंपनीची वंशावळ बघितली तर मौज वाटेल. विलीज कंपनी कैसरकडे गेली, कैसर जीप १९७० मध्ये अमेरिकन मोटर्सकडे गेली, आणि तिचा सरकारी कामांचा विभाग वेगळा काढून एएम जनरल झाली. म्हणजे जीप आणि हमर एकाच घराण्यातल्या. आपल्या महिंद्रांनी मुंबईत ज्या विलीज जीप जुळवायला घेतल्या त्याही याच मुळाच्या.

१९९१ च्या आखाती युद्धात हमव्ही घरोघरच्या टीव्हीवर दिसली. अर्नोल्ड श्वार्झनेगर मागेच लागला की मला अशी गाडी रस्त्यावर चालवायला हवी. १९९२ पासून एएम जनरलने नागरिकांसाठी हमर काढली. पुढे तिलाच एच१ म्हणू लागले. रुंदी जवळपास सात फूट, आत मधोमध इंजिनाचा एवढा मोठा उंचवटा की चालक आणि शेजारचा एकमेकांपासून हातभर लांब. पण चिखलात, वाळूत, दगडांत ती जिथे जायची तिथे दुसरी गाडी जात नसे. चाकाच्या तुंब्यावर वेगळे गिअर असल्यामुळे पोट जमिनीपासून सोळा इंच वर. ही खरी हमर.

जीएमने १९९९ च्या अखेरीस एएम जनरलकडून फक्त नाव घेतलं. त्यानंतरची एच२ ही जीएमच्या मोठ्या पिकअप आणि एसयूव्हीच्या सांगाड्यावर बेतलेली होती, आणि ती बांधत होती एएम जनरलच, मिशावाकात. एच३ बेतली शेवरोले कोलोरॅडो पिकअपवर, बांधली श्रीव्हपोर्टला, त्याच कोलोरॅडोच्या कारखान्यात. मूळची एच१ २००६ मध्ये बंद झाली.

आता कातळकडा यांच्या प्रश्नाकडे येतो. २००८ ला जीएमने नेमकं काय विकायला काढलं? इंजिन जीएमचं, सांगाडा जीएमचा, एक कारखाना दुसऱ्याचा आणि दुसरा कारखाना कोलोरॅडोशी वाटून घेतलेला. दुकान विकायला काढलंच नव्हतं हो, नुसती पाटी विकायला काढली होती.

गडवेडा

पाना_पक्कड, प्रतिसाद आवडला, पण एच३ ला नुसती पाटी म्हणणं अन्याय आहे. एच३ खरंच चढायची. ओव्हरहँग (चाकांच्या पुढे-मागे निघणारा भाग) कमी, मागची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा लॉकर, चढासाठी ट्रान्स्फर केसला चारास एक लो रेंज. सुरुवातीचं पाच सिलिंडरचं इंजिन अशक्त होतं हे मान्य. शिवाय दक्षिण आफ्रिकेत, पोर्ट एलिझाबेथला, उजव्या स्टिअरिंगची एच३ बनायची. ही गाडी नीट वाढवली असती तर आपल्याकडेही आली असती.

निफाडकर

आली असती आणि नाशकातल्या जुन्या वस्तीत वळवता वळवता संध्याकाळ झाली असती :)

मिशिगनकर

मी २००५ पासून डेट्रॉईटच्या आसपास आहे, गाड्यांचे सुटे भाग पुरवणाऱ्या कंपनीत. त्या दिवसांबद्दल लिहावंसं वाटलं.

२००८-०९ मध्ये इथे काय अवस्था होती ते भारतातून नीट कळणार नाही. मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात लोक एकमेकांना "कसं काय" विचारायच्या ऐवजी "तुमच्याकडे अजून चालू आहे ना" असं विचारत होते. व्हिसावर असलेल्यांची नोकरी गेली की देश सोडायची वेळ. जीएमला २००८ या एका वर्षात ३०.९ अब्ज डॉलरचा तोटा झाला होता. सरकारने एकूण पन्नास अब्ज डॉलरच्या जवळपास पैसा ओतला. मार्च २००९ मध्ये सरकारच्या सांगण्यावरून वॅगनर यांना जावं लागलं.

अशा वेळी हमर ठेवायची की नाही हा प्रश्न भावनेने सुटणारा नव्हता. सरकारचा पैसा घेतलेल्या कंपनीने आठ ब्रँड चालवायचे नाहीत, असं ठरलं होतं. शेवरोले, कॅडिलॅक, ब्यूक आणि जीएमसी ठेवले. पाँटिअॅक बंद. सॅटर्न पेन्स्के ही अमेरिकी कंपनी घेणार होती, ती सप्टेंबर २००९ मध्ये मागे सरली, सॅटर्न बंद. साब स्वीडनच्या कोनिगसेगकडे जाता जाता राहिली आणि शेवटी नेदरलँड्सच्या स्पायकरने घेतली. हमरचं तुम्हाला माहीत आहेच. विकायच्या तिघांपैकी एकच व्यवहार पार पडला, आणि साबही दोन वर्षांत दिवाळखोरीत गेली.

लोकांच्या मनात हमरबद्दल राग होता हेही विसरू नका. इराक युद्ध चालू होतं, पेट्रोल महाग होत होतं, आणि रस्त्यावर ही गाडी. २००३ मध्येच कॅलिफोर्नियात वेस्ट कोव्हिना इथे एका डीलरच्या आवारात आग लावून वीसएक हमर जाळल्या होत्या. करदात्यांच्या पैशावर तगलेल्या कंपनीने तीच गाडी विकत राहणं राजकीयदृष्ट्या अशक्य होतं.

कातळकडा

मिशिगनकर, मनापासून लिहिलंत, धन्यवाद. परिस्थिती पटते. पण मग जीपचं काय? क्रायस्लरनेही सरकारचा पैसा घेतलाच होता.

मिशिगनकर

फरक असा की जीप काढली तर क्रायस्लरकडे, तिला घ्यायला निघालेल्या इटलीच्या फियाटला देण्यासारखं फारसं काही उरत नव्हतं. फियाटला हवी होती ती जीपच. हमर काढली तरी जीएमकडे टाहो, सबर्बन, युकॉन, एस्कलेड या मोठ्या एसयूव्ही होत्याच, आणि त्या सगळ्या एच२ पेक्षा जास्त खपत होत्या. जीपची रँग्लर पिढ्यानपिढ्या तीच रँग्लर आहे, ती घेणारा दुसरं काही घेत नाही. एच२ घेणारा पुढच्या वेळी एस्कलेड घेऊन मोकळा व्हायचा.

चिंचवडकर

जीपवरून आठवलं, आपल्या रांजणगावात २०१७ पासून कंपास बनते आहे. एमआयडीसीतली बरीच पोरं त्या लाइनवर शिकली.

धारवाडी_पेढा

अवांतर: धोनीकडे हमर एच२ होती ना? रांचीत तो ती चालवताना दिसायचा. २००९ ला आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांच्या वहीवर ती गाडी काढलेली असायची.

सोलिहलची_सून

इथे लँड रोव्हरचा विषय अजून कसा निघाला नाही याचं नवल वाटतंय. मी पुण्याची, नवऱ्याच्या कामामुळे वेस्ट मिडलँड्समध्ये आले आणि नंतर मीही याच उद्योगात शिरले.

फोर्डचीही तीच गत होती. २००६ मध्ये १२.६ अब्ज डॉलरचा तोटा. बोइंगमधून अॅलन मुलाली आले आणि त्यांनी ठरवलं की लक्ष फक्त फोर्ड नावावर द्यायचं. कारखान्यांपासून ब्रँडपर्यंत सगळं गहाण टाकून २३ अब्ज डॉलरहून जास्त कर्ज उभं केलं, म्हणूनच फोर्ड दिवाळखोरीतून वाचली. २००७ मध्ये अॅस्टन मार्टिन विकली, २००८ मध्ये जॅग्वार आणि लँड रोव्हर, २०१० मध्ये व्हॉल्वो. लँड रोव्हर त्यांनी २००० साली बीएमडब्ल्यूकडून २.७ अब्ज डॉलरच्या आसपास घेतली होती आणि जॅग्वारला १९८९ मध्ये अडीच अब्ज मोजले होते. टाटांना दोन्ही मिळून २.३ अब्जांना दिल्या.

तारखा बघा. टाटांचा व्यवहार पूर्ण झाला २ जून २००८ ला. धाग्यात वॅगनर यांच्या घोषणेची तारीख आहे ३ जून. एका बाजूला एका कंपनीची जड गाड्यांची शाखा मुंबईच्या मालकाकडे गेली, आणि चोवीस तासांत दुसऱ्या कंपनीने आपली विकायला काढली.

आणि त्याच्या जवळपास पाच महिने आधीची गोष्ट, जी मला सगळ्यात बोलकी वाटते. जानेवारी २००८ च्या डेट्रॉईट मोटर शोमध्ये दोन नमुना गाड्या ठेवल्या होत्या. लँड रोव्हरची एलआरएक्स, लहान, तीन दरवाजांची. आणि हमरची एचएक्स, तीही लहान, दोन दरवाजांची, छत काढता येणारी, उघडउघड रँग्लरला टक्कर देण्यासाठी. दोन्हीकडच्या डिझाइनरांना कळलं होतं की पुढचा रस्ता लहान गाडीचा आहे. एलआरएक्स २०११ मध्ये इव्होक म्हणून आली, इंग्लंडमधल्या हेलवुडला बनली, आणि तिने टाटांनी घेतलेल्या कर्जाचं सार्थक केलं. एचएक्स नमुनाच राहिली.

का? कारण लँड रोव्हरबरोबर टाटांना गेडनमधले अभियंते मिळाले, सोलिहल आणि हेलवुडचे कारखाने मिळाले, चाचणीचे ट्रॅक मिळाले. इंजिनं पुरवत राहण्याचा करार फोर्डने केला. पेन्शन निधीत फोर्डने सहाशे दशलक्ष डॉलर घातले. तेंगझोंगला यातलं काय मिळणार होतं?

गडवेडा

एचएक्सचे फोटो शोधून पाहिले. हीच गाडी हवी होती. जीव हळहळला.

पाना_पक्कड

सोलिहलची_सून, हे दोन्ही नमुने एकाच शोमध्ये होते हे मला नवीन. एकदम मुद्द्याला हात घातलात.

तेंगझोंगला मिळणार होतं ते असं: नाव, डीलरांशी असलेले करार, आणि काही पेटंटं. एच३ जीएमने २०११ च्या मध्यापर्यंत श्रीव्हपोर्टला बनवून द्यायची, एच२ एएम जनरलने मिशावाकात. म्हणजे मालक बदलला तरी गाडी जुन्या मालकाच्याच घरी बनणार. किंमत १५ कोटी डॉलरच्या आसपास असल्याच्या बातम्या होत्या. त्या पैशात नव्या गाडीचा सांगाडासुद्धा विकसित होत नाही.

निफाडकर

मी महिंद्राच्या पुरवठादारांमध्ये बरीच वर्षं काढली, म्हणून थोडं विरोधात लिहितो. "कारखाना आणि अभियंते मिळाले की ब्रँड जगतो" हे तुमचं सूत्र सँगयाँगला लावून बघा.

सँगयाँग म्हणजे कोरियातली एसयूव्हीवालीच कंपनी. आधी २००४ मध्ये चीनच्या साइकने घेतली. २००९ मध्ये ती बुडायला आली. प्योंगटेकच्या कारखान्यात कामगार ७७ दिवस आत ठाण मांडून बसले होते. मग २०११ मध्ये महिंद्रांनी सुमारे ७० टक्के हिस्सा घेतला. त्यांना सगळं मिळालं, कारखाना, संशोधन केंद्र, अभियंते, चालू गाड्या. तिची टिव्होली ही गाडी चांगली चालली आणि तिच्याच सांगाड्यावर आपली एक्सयूव्ही ३०० आली, जी नाशकात बनायची. तरी एप्रिल २०२० मध्ये महिंद्रांनी आणखी पैसा घालायला नकार दिला, डिसेंबरात सँगयाँग पुन्हा कोर्टाच्या दारात, आणि २०२२ मध्ये केजी गटाकडे गेली.

मग सांगा, दुकान मिळूनही का चाललं नाही?

हिशेबनीस

निफाडकर, प्रश्न रास्त आहे. माझ्या मते तिसरी गोष्ट लागते, ती म्हणजे किती वर्षं तोटा सोसू शकतो.

टाटांचाही २००८-०९ मध्ये श्वास अडकला होता. मार्च २००९ ला संपलेल्या वर्षात टाटा मोटर्सचा एकत्रित तोटा २,५०० कोटींच्या घरात होता. तीन अब्ज डॉलरचं तात्पुरतं कर्ज फेडायचं होतं आणि लेहमन ही अमेरिकी बँक बुडाल्यानंतर बाजारात कोणी पैसा देईना. तेव्हा कंपनीने लोकांकडून मुदत ठेवी घेतल्या होत्या, आठवतंय का? माझ्या कितीतरी अशिलांनी ठेवल्या होत्या. पिंपरीतल्या निवृत्त माणसाच्या ठेवीचा सोलिहलच्या गाडीशी संबंध जुळला होता तो असा.

त्या दोन वर्षांत टाटांनी हात काढून घेतला असता तर इव्होक आलीच नसती, आणि आज आपण लँड रोव्हरलाही फसलेला सौदा म्हटलं असतं. सँगयाँगला तितकी श्रीमंत बाजारपेठही नव्हती. रेंज रोव्हरच्या एका गाडीवर सुटणारा पैसा टिव्होलीत सुटत नाही.

चिंचवडकर

माझ्या वडिलांची ठेव होती! घरात चर्चा झालेली मला आठवते. आई म्हणत होती बँकेत ठेवा. वडील म्हणाले, ज्या कंपनीने आयुष्यभर पगार दिला तिच्याकडे तीन वर्षं पैसे राहिले तर बिघडत नाही. व्याजासकट वेळेवर परत मिळाले.

अबोली

चिंचवडकर, छान वाटलं वाचून.

पण चीनचा व्यवहार मोडला का, ते अजून कोणी सांगितलं नाही. जीएम तयार, तेंगझोंग तयार, मग आडकाठी कोणाची?

मिशिगनकर

चिनी सरकारची. तेंगझोंगला ठरलेल्या मुदतीत परवानगी मिळाली नाही, एवढंच अधिकृत कारण.

मागची पार्श्वभूमी अशी. सप्टेंबर २००८ पासून चीनने ४ लिटरपेक्षा मोठ्या इंजिनाच्या गाड्यांवरचा उपभोग कर ४० टक्के केला होता. २००९ मध्ये १.६ लिटर आणि त्याखालच्या गाड्यांवरचा खरेदी कर अर्धा केला. ज्या सरकारचं धोरण लहान इंजिनाकडे लोकांना वळवण्याचं होतं, ते आपल्या कंपनीला सहा लिटरची गाडी परदेशातून विकत घेऊ देईल हे कठीणच. शिवाय तेंगझोंग रस्त्याची यंत्रं, पुलाचे भाग, खास कामाची वाहनं बनवायची. प्रवासी गाडी तिने कधी बनवली नव्हती. त्याच सुमारास गिली या चिनी कंपनीने फोर्डकडून व्हॉल्वो घेतली, तिला परवानगी मिळाली. कारण गिली गाड्या बनवणारी कंपनी होती, आणि व्हॉल्वोबरोबर तंत्रज्ञान येत होतं.

कोल्हापुरी_रस्सा

म्हणजे चिनी सरकारलाबी कळलं की नुसती पाटीच हाय.

चिंचवडकर

सरकारी परवानगीअभावी मोडलेला व्यवहार म्हटल्यावर तळेगाव आठवल्याशिवाय राहत नाही. आणि योगायोग असा की विकणारी तिथेही जीएमच.

तळेगावचा कारखाना २००८ मध्ये सुरू झाला, म्हणजे तिकडे हमर विकायला काढली त्याच वर्षी. २०१७ च्या शेवटी जीएमने भारतात गाड्या विकणं थांबवलं, तळेगावातून निर्यात चालू ठेवली, आणि डिसेंबर २०२० मध्ये उत्पादनही बंद केलं. त्याच वर्षी जानेवारीत चीनच्या ग्रेट वॉलने तो कारखाना घ्यायचं ठरवलं होतं. हीसुद्धा एसयूव्हीवाली कंपनी! जूनमध्ये महाराष्ट्र सरकारशी सामंजस्य करार झाला, त्याच आठवड्यात गलवानची चकमक. मग केंद्राची परवानगी आलीच नाही. २०२२ च्या मध्याला व्यवहार रद्द. २०२३ मध्ये ह्युंदाईने करार केला.

मधल्या काळात हजाराहून जास्त कामगार आणि त्यांची संघटना कोर्टात झगडत होती. माझे दोन शेजारी त्यात होते. चाळिशीच्या माणसाला दुसरीकडे त्याच पगाराची नोकरी मिळत नाही. ब्रँड, पाटी, कर्ज यांवर आपण इथे तावातावाने बोलतोय ते ठीक, पण व्यवहार अडला की वाट बघत बसायला कामगारच लागतो. हमरच्या वेळीही जीएम म्हणत होती की हा व्यवहार झाला तर अमेरिकेतल्या तीन हजार नोकऱ्या वाचतील. श्रीव्हपोर्टचा कारखाना २०१२ मध्ये बंद झाला.

मिशिगनकर

+१. चिंचवडकर, तळेगावचा स्वतंत्र धागा काढाच. तिथले लोक वाचत असतील तर त्यांनी लिहावं.

गडवेडा

सगळं वाचून मला वाटतं की कातळकडा यांचा प्रश्न दोन भागांत मोडायला हवा. २००९ मध्ये विकणं बरोबर होतं का? मिशिगनकरांनी सांगितल्यावर वाटतं, इलाज नव्हता. पण १९९९ ते २००८ या नऊ वर्षांत जीएमने काय केलं? नाव घेतलं आणि त्या नावाची खरी गाडी, एच१, बंद पडू दिली. एचएक्ससारखी गाडी २००४ मध्ये आणली असती तर २००८ ला विकायला काहीतरी असलं असतं, किंवा विकावीच लागली नसती. चूक झाली ती भरभराटीच्या वर्षांत.

सोलिहलची_सून

गडवेडा, अगदी. आणि लँड रोव्हरला दर मालकाने काहीतरी घातलं. बीएमडब्ल्यूच्या काळात तिसऱ्या रेंज रोव्हरचं काम झालं, फोर्डच्या काळात डिस्कव्हरी ३ आणि इव्होकचा पाया घातला गेला. टाटांनी ते पुढे नेलं, २०११ पासून पुण्यात फ्रीलँडर जुळवायला सुरुवात केली आणि २०२४ पासून रेंज रोव्हरही पुण्यात जुळते आहे. तीन मालक झाले, पण गाडीचं काम कोणी थांबवलं नाही.

कातळकडा

सगळ्यांचे आभार. एवढे माहितीपूर्ण प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं.

जीप आणि हमर यांची तुलना सरसकट करता येत नाही हे मिशिगनकरांच्या उत्तरामुळे पटलं. पण नाव ठेवण्याच्या मुद्द्यावर मी ठाम आहे. व्यवहार फिसकटला म्हणून तर हमर हे नाव जीएमकडे राहिलं, आणि २०२० मध्ये त्यांना तेच काढून विजेच्या गाडीला द्यावंसं वाटलं. वजन चार टनांच्या वर. डिसेंबर २०२१ पासून डेट्रॉईटच्या कारखान्यातून ती बाहेर पडू लागली. नावाला किंमत नसती तर नव्या गाडीला नवं नाव दिलं असतं.

एक प्रश्न उरला. श्रीव्हपोर्टचं कळलं, पण मिशावाकातल्या एच२ च्या कारखान्याचं पुढे काय झालं? कोणाला माहीत आहे का?

पाना_पक्कड

माहीत आहे.

आधी तिथे एमव्ही-१ नावाची गाडी बनली, चाकाच्या खुर्चीसकट माणसाला आत घेता येईल अशी, मुद्दाम अपंगांसाठी आखलेली. नंतर मर्सिडीजची आर क्लास तिथे कंत्राटावर बांधून चीनला जात होती. २०१७ मध्ये तो कारखाना एसएफ मोटर्सने विकत घेतला. ती कोणाची? चोंगचिंगच्या सोकॉनची. चोंगचिंग म्हणजे सिचुआनला लागून. तेंगझोंगला नाव हवं होतं तेव्हा मिळालं नाही, आणि सात वर्षांनी शेजारच्या कंपनीने नाव सोडून कारखाना घेतला. तिथून २०२१ मध्ये तो ईएलएमएस या विजेच्या व्हॅन बनवणाऱ्या कंपनीकडे गेला. ती वर्षभरात बुडाली, मग मलन ऑटोमोटिव्हने घेतला.

एएम जनरलचा सैन्याचा कारखाना वेगळा आहे, तो चालू आहे. २०२३ मध्ये त्यांना हमव्हीच्या जागी आलेल्या जेएलटीव्ही गाडीचंही कंत्राट मिळालं.

चिंचवडकर

तळेगावचा धागा काढला आहे. शीर्षक "तळेगावचा कारखाना: २००८ ते ह्युंदाई". तिथे काम केलेल्यांनी आणि आसपासच्या पुरवठादारांनी जरूर लिहा. नाव-गाव न देता लिहिलंत तरी चालेल.